गोड्या पाण्याचा गैरसमज

रामटेकजवळच्या खिंडसीसारख्या तलावांवर मोटारबोटी बाळगणाऱ्यांत एक मत पक्के रुजले आहे. फायबर कुजत नाही, गंजत नाही, त्यातून आपले पाणी गोडे. तेव्हा बोटीच्या कवचाला देखभाल नको. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी रंग उडाला, तळाला फोड आले, की बोट संपली म्हणायचे आणि नवी घ्यायची. या मताची दोन्ही टोके चुकीची आहेत, आणि पहिल्या चुकीतूनच दुसरी जन्मते.

पूर्वपक्षाचे म्हणणे धातूपुरते खरे आहे. खाऱ्या पाण्यात पंखा, त्याचा दांडा आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या नळ्या जितक्या झपाट्याने झिजतात, तितक्या तलावात झिजत नाहीत. पण हा न्याय कवचाला लागू पडत नाही. काचेचे तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवून कवच घडते आणि त्यावर जेलकोटचा थर असतो. हा थर पाणी पूर्णपणे अडवत नाही. आत झिरपलेल्या पाण्यात रेझिनमधली सुटी राहिलेली रसायने विरघळतात आणि दाट द्राव तयार होतो. बाहेरचे पाणी जितके निर्मळ, तितका दाटपणातला फरक मोठा आणि आत येणारी ओढ जोरकस. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात; तलावात त्यांचा अल्पांशच असतो. म्हणून या ओढीने, म्हणजे परासरणाने, येणारे फोड गोड्या पाण्यात लवकर दिसतात, आणि पाणी कोमट असेल तर त्याहूनही लवकर. विदर्भात दोन्ही कारणे एकत्र येतात.

मग फोड आलेली बोट टाकावी का? अमेरिकी नौदलाने १९५०च्या दशकात ‘हाफबीक’ या पाणबुडीच्या वरच्या भागाला फायबरचे आवरण बसवले. ११ वर्षांच्या वापरानंतर त्याचे तुकडे तपासले, तेव्हा बळकटी जवळपास मूळच्याइतकीच आढळली. आपल्याकडचा दाखला गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’चा. फायबरच्या या शिडाच्या नौकेने २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २०२४-२५ मध्ये त्याच कवचानिशी पुन्हा केली. जुन्या बोटीत आधी दगा देते ते आत दडलेले लाकूड: मागच्या फळीतले प्लायवूड, इंजिनाखालचे आधार, डेकमधला गाभा. स्क्रूच्या उघड्या भोकांतून पाणी शिरते आणि हे लाकूड कुजते. हलक्या हातोडीने ठोकून पाहावे. निरोगी भाग खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. तेवढाच भाग कापून नवा बसवता येतो.

फोडांवरचा उपाय ठरलेला आहे. खराब जेलकोट काढायचा, आंबूस वासाचा द्राव स्वच्छ पाण्याने वारंवार धुवायचा, कवच पूर्ण वाळवायचे आणि इपॉक्सीचे थर द्यायचे. इपॉक्सीच घ्यावी, कारण जुन्या पॉलिएस्टरला ती नव्या पॉलिएस्टरपेक्षा घट्ट धरते. यात सर्वांत अवघड टप्पा वाळवण्याचा. दमट कोकणात त्याला महिनोन्‌महिने लागतात. नागपुरात एप्रिल-मेच्या दुपारी हवेतली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. ज्या उन्हाळ्याला आपण दूषणे देतो, तोच इथे सर्वांत स्वस्त कारागीर आहे. मात्र बोट उघड्या उन्हात ठेवू नये. छपराखाली, अनेक ठिकाणी टेकू देऊन ठेवावी, नाहीतर तापलेले कवच वाकते. रेझिनचे काम पहाटे करावे, कारण दुपारी ते हातात असतानाच घट्ट होते.

नवी बोट स्वस्त पडते, हा उरलेला आक्षेपही अपुरा आहे. लोखंड भंगारात विकले जाते. एकदा पक्के झालेले पॉलिएस्टर मात्र वितळवून पुन्हा घडवता येत नाही, त्यामुळे टाकलेली बोट काठावर पडूनच राहते. तिच्या विल्हेवाटीचा खर्च हिशेबात धरल्याशिवाय कुठलीही तुलना प्रामाणिक नाही. दुरुस्तीलाही मर्यादा आहे. कवचाचे थर सर्वत्र सुटले असतील, तर बोट निकालात काढावी. पण तो निर्णय तपासणीनंतर घ्यावा, रंग पाहून नव्हे.

म्हणून सार्वजनिक तलावावर बोट चालवण्याच्या प्रत्येक करारात एक अट असावी: दर उन्हाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून वाळवली जाईल, ठोकून तपासली जाईल आणि त्याची लेखी नोंद राहील. ही अट पाळली, तर फायबरची बोट एका पिढीकडून दुसरीकडे सोपवता येते.