ताजमहाल आणि बिडाची भट्टी

ताजमहालाची कीर्ती ज्याच्या कानी गेली नाही असा मनुष्य या देशात विरळाच सापडेल. परंतु त्याच आग्रा शहरात बिडाच्या ओतकामाचा एक मोठा धंदा वाढला होता, हे दूरदूरच्या प्रांतांतून ताज पाहण्यास येणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानी येई. पंपांचे व डिझेल इंजिनांचे भाग, सांडपाण्याचे नळ, गटारांची झाकणे अशा वस्तू तेथील ओतशाळांतून तयार होत. एका बादशहाने उभारलेली ती शुभ्र वास्तू आणि या काळवंडलेल्या भट्ट्या यांचा झगडा पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला.

या झगड्याचे मूळ भट्टीच्या रचनेतच आहे. बीड वितळविण्याची क्युपोला भट्टी म्हणजे आतून अग्निरोधक विटांचे अस्तर दिलेला एक उभा नळकांडा. त्यात कोक, कच्चे लोखंड, भंगार आणि चुनखडी यांचे थर आळीपाळीने घालावयाचे, खालून जोराचा वारा सोडावयाचा आणि तळाशी साचलेला रस तोंड फोडून बाहेर काढावयाचा. पण कोकमधील गंधक जळून धुराबरोबर वर जातो, हवेतील ओलाव्याशी मिळून त्याचे आम्ल बनते, आणि ते संगमरवरावर बसले म्हणजे दगडाचा पृष्ठभाग जिप्सममध्ये पालटून त्याच्या खपल्या निघू लागतात.

मथुरेस तेलशुद्धीकरणाचा कारखाना काढण्याचे ठरले तेव्हा साऱ्यांचे लक्ष त्या नव्या कारखान्याकडे लागले होते. त्यासाठी नेमलेल्या डॉ. वरदराजन समितीने १९७८ साली अहवाल दिला, त्यात मात्र वेगळेच सत्य पुढे आले. आग्र्याची हवा आधीच दूषित झालेली होती. वीजनिर्मितीची केंद्रे, रेल्वेचे यार्ड आणि ओतशाळा यांचा धूर तिला भोवत होता. वीजकेंद्रे बंद करता आली, वाफेची इंजिने हटविता आली. ओतशाळांचे काय करावयाचे, हा प्रश्न तसाच राहिला.

१९८४ साली महेशचंद्र मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. खटला बारा वर्षे चालला. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे अहवाल त्यात महत्त्वाचे ठरले. ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या पीठाने निकाल दिला, तो असा की, ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या टापूतील २९२ कारखान्यांनी कोळसा व कोक सोडून नैसर्गिक वायूकडे वळावे, अन्यथा टापूबाहेर जावे. आपला धूर निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचा भारही न्यायालयाने कारखानदारावरच टाकला.

या निकालपत्राचा कामगारांविषयीचा भाग मात्र क्वचितच कोणी सांगतो. स्थलांतराच्या काळात कामगाराची नोकरी अखंड मानावी, त्याला पूर्ण वेतन द्यावे, कारखान्याबरोबर जाणाऱ्यास एक वर्षाचे वेतन अधिक मिळावे, आणि ज्याची नोकरी जाईल त्याला कायदेशीर भरपाईखेरीज सहा वर्षांचे वेतन द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. हे औदार्य खरेच मोठे होते. परंतु ते एक वर्षाच्या सलग नोकरीवर अवलंबून होते. आणि लहान ओतशाळांतील साचे घालणारा कामगार पुष्कळदा ठेकेदाराच्या हाताखाली, नगाच्या हिशेबाने राबतो. ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही, त्याने सहा वर्षांचे वेतन मागावे तरी कोणापाशी?

वायूकडे वळणेही सोपे नव्हते. कोक हा क्युपोलात केवळ इंधन नसतो. तो वरचा सारा भार तोलून धरतो आणि बिडाला लागणारा कार्बनही पुरवितो. तो काढून घेतला की भट्टीच कोसळावयाची! बिनकोकच्या भट्टीची युक्ती ब्रिटनमध्ये निघालेली होती. तीत पाण्याने थंड ठेवलेली जाळी असते, तिच्यावर अग्निरोधक गोळ्यांचा थर असतो, आणि कार्बन मागाहून वेगळा मिसळावा लागतो. आग्र्यातील काही कारखानदारांनी ती भट्टी आपल्या धंद्यास जुळवून घेतली. कित्येकांना मात्र तो खर्च पेलला नाही. हावड्याच्या ओतशाळांत निराळी वाट निघाली. तेथे कोक कायम ठेवून वारा दोन पातळ्यांवरून सोडणारी भट्टी १९९८ साली चालू झाली, आणि तीत सुमारे एक तृतीयांश कोक वाचला. धूर कमी आणि खर्चही कमी, असा मेळ त्या धंद्यात पूर्वी फारसा कोणी पाहिला नव्हता.

या सर्व खटाटोपात वाळूचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. ओतकामाचा साचा वाळूचा असतो. तो फोडताना आणि ओतीव वस्तू घासताना उडणारी बारीक सिलिका कामगाराच्या फुप्फुसांत जाऊन बसते. त्यातून होणारा सिलिकोसिस हा १९४८ च्या कारखाने कायद्याने कळविणे सक्तीचे केलेला रोग आहे, आणि तो बरा करणारे औषध नाही. दगडाला झालेल्या रोगासाठी समिती बसली, टापू आखला गेला, वायूची नळवाट आणली गेली. भट्टी कोकची असो वा वायूची, साच्याची वाळू तीच राहिली. आणि अनेक लहान ओतशाळांत तो साचा अजूनही हातोड्याने, तोंडाला नुसते फडके बांधून फोडला जातो.