रक्तरसाचे सुलभीकरण

रक्तरसातील (सीरममधील) विपुल प्रथिने आधी बाजूला काढून विरळ प्रथिने अभ्यासाच्या आटोक्यात आणण्याची क्रिया. दर लिटर रक्तरसात ६० ते ८० ग्रॅम प्रथिने असून त्यांतील निम्मा किंवा त्याहून अधिक भाग एकट्या अल्ब्युमिनाचा असतो. सुमारे २० प्रथिनांतच ९९ टक्के वजन सामावते, आणि रोगाची आगाऊ वर्दी देणारी बहुतेक प्रथिने उरलेल्या शतांशात असल्यामुळे, नमुना तसाच वस्तुमान वर्णपटमापकात घातला असता त्यांचे संकेत अल्ब्युमिनाच्या संकेतांखाली लोप पावतात.

जुनी व अल्पखर्ची पद्धत लवण-अवक्षेपणाची होय. अमोनियम सल्फेटाने अर्धसंपृक्त केलेल्या रक्तरसात ग्लोब्युलिनांचा पांढरा साका खाली बसतो व अल्ब्युमिन विरघळलेले राहते. मात्र ही विभागणी ढोबळ असते. विपुल प्रथिनाची अशीच अडचण वनस्पतींच्या बियांतही येते: म्हैसूरच्या चेलुवांब महालात १९५० पासून असलेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत तिळातील ग्लोब्युलिनावर विपुल संशोधन झाले आहे. तेलबियांतही साठवणीचे एखादे प्रथिन इतरांना झाकून टाकत असल्याने तेथील प्रश्न रक्तरसाच्या प्रश्नाशी सजातीय ठरतो.

सिबाक्रॉन निळा हा रंजक अल्ब्युमिनाला बांधतो, पण त्याबरोबर अन्य प्रथिनेही धरून ठेवतो. प्रतिपिंड बसविलेले स्तंभ नेमकी ६, १४ किंवा त्याहून अधिक प्रथिने काढतात आणि पुनरावृत्तीस विश्वसनीय असतात; परंतु ते महाग असून नमुना विरल होतो. सूक्ष्मछिद्री पटलातून गाळल्यास सुमारे ६६,००० डाल्टन भाराचे अल्ब्युमिन मागे राहते, पण त्याला चिकटलेली लहान प्रथिनेही अडकतात. पेप्टाइड-संग्रहाचे मणी विपुल प्रथिने लवकर संपृक्त होऊ देऊन विरळ प्रथिने साठवितात. त्यासाठी नमुना बराच लागतो आणि विपुल प्रथिनांच्या मूळ प्रमाणांतील तफावत पुसट होते.

मुंबईतील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तरसाचा जो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध केला, तशा तुलनात्मक कामी रुग्ण व निरोगी या दोन्ही गटांच्या नमुन्यांवर एकच क्रिया, एकाच क्रमाने होणे अनिवार्य असते. अन्यथा दिसणारा भेद रोगाचा की हाताळणीचा, याचा निवाडा करता येत नाही. अल्ब्युमिन हे संप्रेरके, मेदाम्ले व लहान प्रथिने वाहून नेणारे असल्यामुळे वगळलेला भागही गोठवून जपावा व स्वतंत्रपणे तपासावा. कोणतीही पद्धत निवडताना तिने काय दाखविले याबरोबरच तिने काय नेले याचाही हिशेब ठेवणे संशोधकाचे कर्तव्य आहे.