खाड्याचा हिशेब

ठाण्यात माजिवड्यातल्या नोकरदाराच्या घरी दर महिन्याला पगारपत्रक येते. त्यात कपातीच्या रकान्यात 'व्यवसाय कर, २०० रुपये' अशी एक ओळ असते. फेब्रुवारीत ती ३०० ची होते. रक्कम लहान, म्हणून तिच्यापाशी कोणी थांबत नाही. मी मात्र या विषयाकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला आधी घरातले पगारपत्रक काढून ती ओळ वाचायला सांगतो. महाराष्ट्राने हा कर १९७५ साली आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, अशी ती मांडणी होती. माजिवड्याच्या उड्डाणपुलापासून नाशिकची वाट धरली की भिवंडीच्या पलीकडे शहापूर तालुका लागतो. तिथल्या मस्टरवरच्या हजेरीशी आपले नाते इतके जवळचे आहे. तेव्हा आपण या विषयात परके आहोत असे मानू नका. या, बसा.

विषय एका वाक्यात सांगता येतो. सरकार गरजूला मदत देते, त्या बदल्यात काम करण्याची अट घालते, आणि अट पाळली नाही तर मदत तोडते. ही तोडण्याची क्रिया, म्हणजे शिक्षा, हा आपल्या अभ्यासाचा गाभा. अर्थशास्त्राचे लोक मजुरीचे दर पाहतात, कायद्याचे लोक कलमे, इतिहासाचे लोक दुष्काळाचे अहवाल. हे तिन्ही एका टेबलावर मांडले तरच शिक्षा नेमकी कुठे बसते ते दिसते.

दुष्काळापासूनच सुरुवात करावी लागते. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर सरकारने मजुरी घटवली, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू कागदोपत्री सरकारपुढे मांडली. पोटात अन्न नसलेल्या माणसांनी केलेला हा बहिष्कार आपल्या विषयातला पहिला मोठा दस्तऐवज आहे, असे मी मानतो. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात याच इलाख्यात नेमून दिलेले काम पुरे भरले नाही तर ठरलेल्या किमान मजुरीहूनही कमी पैसे हातावर ठेवण्याची पद्धत चालली. उपाशी माणसाची कुदळ हळू चालते, म्हणून त्याचे अन्न आणखी कमी करायचे. १९०१ च्या दुष्काळ आयोगासमोर हा प्रश्न आला होता. ते अहवाल जरूर वाचा. भाषा थंड आहे, आतला मजकूर तसा नाही.

या परंपरेला वळण दिले ते वि. स. पागे यांनी. त्यांनी मांडलेला रोजगार हमीचा विचार १९७२ च्या दुष्काळात राज्यभराची योजना झाला, १९७७ साली त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. तोवर काम ही सरकारची कृपा होती. आता मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. अट उलटली, आता ती सरकारवर होती. मे महिन्याच्या उन्हात जो खडी फोडायला येतो त्याने आपली गरज सिद्ध केलेली असते, त्याची वेगळी परीक्षा कशाला, हा या योजनेमागचा मोठा शहाणपणा होता. माझे मत असे की हा शहाणपणा पुढच्या कायद्यांत पुरता उतरला नाही.

२००५ च्या केंद्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याचे कलम ७ आणि कलम ९ शेजारी ठेवून वाचा. सातवे म्हणते, अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारभत्ता द्यावा. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिश्शाइतका, नंतर किमान निम्म्याइतका. नववे म्हणते, बोलावल्यापासून १५ दिवसांत मजूर कामावर आला नाही, दिलेले काम त्याने नाकारले किंवा परवानगीवाचून महिन्यात आठवड्याहून जास्त खाडे केले, तर ३ महिने त्याचा भत्त्यावरचा हक्क जातो. काम मागण्याचा हक्क राहतो, एवढी सवलत.

आता दुसरा पक्ष पाहा. मस्टर बंद झाल्यावर १६ व्या दिवसापासून मजुरीच्या विलंबाची भरपाई होती रोजची ०.०५ टक्के. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्राची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे एका दिवसाची मजुरी सरकारने अडकवली तर भरपाई दिवसाला सुमारे १५ पैसे. मजुराचा उशीर ३ महिन्यांना पडतो, सरकारचा १५ पैशांना. या विषयातले सगळे सिद्धान्त या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत मावतात.

आणि कलमातली शिक्षा ही दिसणारी शिक्षा. जास्त माणसे बाहेर पडतात ती कागदाच्या फटीतून. शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीत एका मावशींनी मला पत्र्याच्या पेटीतून जॉबकार्ड काढून दाखवले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले, वरून सुतळी. आतली हजेरीची पाने जवळजवळ कोरी. अर्ज दिला होता का, विचारले. म्हणाल्या, "दिला ना दादा, ठेवून घेतला त्यांनी." पोच? पोच मिळाली नव्हती. तारखेची पोच नाही म्हणजे १५ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, आणि भत्त्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दिवाळीनंतर त्या उचल घेऊन वीटभट्टीवर गेल्या. मागून काम निघाले असते, तर कागदावर गैरहजर त्याच ठरल्या असत्या. १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी आली, तेव्हा दरीतल्या कामावर रेंज नसणे हेही खाड्याचे कारण झाले.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्याने २०१८ मध्ये गरिबांच्या आरोग्यविम्याला कामाची अट जोडली, आणि काही महिन्यांत १८ हजारांहून अधिक लोकांचा विमा गेला. त्यांतले पुष्कळ जण काम करत होते किंवा अटीतून सूट मिळण्यास पात्र होते. ते कळवण्याची रीत त्यांना जमली नाही. उलट जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१९ ला निकाल दिला की जगण्यापुरत्या भत्त्यातून ३० टक्क्यांपेक्षा जास्त कापता येणार नाही. शिक्षेला तळ असला पाहिजे, हे तत्त्व मला आपल्या कायद्यात हवे आहे.

शहराचा प्रश्न अजून कोराच आहे. ग्रामीण भागाची ही हमी ठाण्याच्या हद्दीत लागू नाही. सकाळी मजूरनाक्यावर घमेले घेऊन उभ्या राहणाऱ्याला हमीही नाही आणि कलम ९ ही नाही. ठेकेदाराने बोलावले नाही की दिवस गेला. या विषयात यायचे असेल तर इथे हात घालायला भरपूर जागा आहे.

काम सुरू कुठून करायचे, असे विचाराल. एक मस्टर मिळवा. त्यावर खाड्याची खूण असते, कारण लिहायला रकाना नसतो. तो आपल्या वहीत आखा आणि मुकादमाला, मजुरांना एकेक खूण दाखवून विचारा. मी पहिल्यांदा आखला तेव्हा एका बाईंच्या नावापुढे चार खाडे होते. एका दिवशी मूल तापाने फणफणले होते. एका दिवशी मागच्या आठवड्याची मजुरी जमा झाली का, ते पाहायला त्या बँकेत गेल्या होत्या. उरलेले दोन्ही दिवस त्या कामावर होत्या. हजेरी घेणारा माणूस आला नव्हता.