काकांचा बिल्ला

यंदा चतुर्थीला मालवणला गेलो, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत क्लिप लावलेली एक प्लास्टिकची डबी सापडली. काका एक्स-रे टेक्निशियन होते, त्यांच्या बिल्ल्याची ती डबी. आतलं कार्ड दर तीन महिन्यांनी पोस्टाने तपासायला जायचं.

काका 1973 साली नोकरीला लागले तेव्हा बिल्ल्यात फोटोची फिल्म असे. फिल्म जितकी काळी, तितका डोस जास्त. पण जिथे पावसाळ्यात पापड मऊ पडतात तिथे फिल्मचं काय होणार? ऊन आणि दमट हवा तिच्यावरची नोंद बिघडवतात. 1975 मध्ये तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने टीएलडी बिल्ला आणला. कार्डावर तीन चकत्या, डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या, टेफ्लॉनमध्ये बसवलेल्या. किरणांची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते आणि चकती तापवली की प्रकाश होऊन बाहेर पडते. तो प्रकाश मोजायचा, की झाला डोस! मग चकती भट्टीत भाजून पुन्हा कोरी.

तीन चकत्या कशाला? एकीवर धातूची गाळणी, दुसरीवर प्लास्टिकची, तिसरी उघडी. कमी ऊर्जेच्या एक्स-रेला हा स्फटिक वाजवीपेक्षा जास्त प्रतिसाद देतो. तिन्हींच्या आकड्यांची तुलना केली की किरण कुठल्या जातीचे ते कळतं आणि आकडा दुरुस्त करता येतो. (आमच्या भाषेत, कॅलिब्रेशन.) शिवाय किरणांपासून दूर एक कंट्रोल बिल्ला ठेवतात, प्रवासातला आणि साठवणीतला नैसर्गिक किरणोत्सर्ग त्यावरून वजा होतो. हा नैसर्गिक डोस जगात सरासरी वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट. कामगारांना मर्यादा एका वर्षात 30, सलग पाच वर्षांत मिळून 100.

इतकी काटेकोर व्यवस्था! आणि आमचे काका? बिल्ला छातीवर, लेड अ‍ॅप्रनच्या आत लावायचा असतो. काकांचा असायचा ऑफिसात, कालनिर्णयशेजारच्या खिळ्याला.

"हरवलो तर भरून कोण देतलो रे?" हे त्यांचं स्पष्टीकरण.

म्हणजे दवाखान्याने नकळत दोन कंट्रोल बिल्ले ठेवले होते. रिपोर्ट दरवेळी शून्य आणि सगळे खूश. रडणारं पोर धरायला कुणी नसलं की काका स्वतःच धरायचे, कधीकधी अ‍ॅप्रनशिवाय. त्याची नोंद कुठेच नाही. मला हसू आलं, मग राग आला. चूक एकट्या काकांची नव्हती. बिल्ला हरवला तर पैसे कापू, हे त्यांना सांगितलं गेलं होतं; तो कशासाठी लावायचा, हे कुणी समजावलंच नाही.

गेल्या वर्षी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. किरणांमुळेही मोतीबिंदू होतो. काकांचा बहुधा वयामुळेच. डॉक्टरांनी जुनी नोकरी ऐकून विचारलं, एकूण डोस किती मिळाला होता?

काका म्हणाले, "माका की खिळ्याक?"