जात्याचा खुंटा ते मोटारसायकलचा क्रँक: एका दुरुस्तीचा इतिहास

१/ जुन्नर-आंबेगावचा इतिहास म्हटला की नाणेघाट, शिवनेरी आणि लेण्याद्री यांची नावे प्रथम येतात. या धाग्याचा विषय त्याच डोंगरवाटांवर धावलेल्या जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली आणि त्यांचे आयुष्य वाढवणारी एक दुरुस्ती हा आहे. गॅरेजच्या भाषेत तिला ‘क्रँक बांधणे’ म्हणतात.

२/ क्रँकचे तत्त्व आपल्या घराघरांत होते. जात्याचा खुंटा मध्यावर नसतो, कडेला असतो. म्हणून हाताच्या पुढे-मागे होण्याने तळी गोल फिरते. इंजिनात पिस्टन हा हात आणि क्रँकपिन हा खुंटा. अल-जझरी या यंत्रकाराने १२०६ च्या आपल्या ग्रंथात पाणी उपसण्याच्या पंपासाठी याच तत्त्वाचा उपयोग दाखवला आहे.

३/ आता आकडे पाहू. १९८५ मध्ये भारतात आलेल्या यामाहा आरएक्स १०० चे इंजिन ९८ सीसीचे. त्यात पिस्टनची धाव ५० मिलिमीटर, म्हणजे क्रँकपिन मध्यापासून २५ मिलिमीटरवर. मिनिटाला ७,५०० फेरे होत असताना पिस्टन सेकंदाला १२५ वेळा वर-खाली होतो. हा सारा मार एक पिन आणि तिच्यावरचे बेअरिंग सोसते.

४/ क्रँकशाफ्टची घराणी दोन. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा क्रँक एकसंध, घडीव पोलादाचा. पुणे परिसर या घराण्याचे माहेरच होय: खडकीत १९४६ पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, तर मुंढव्यात १९६१ मध्ये स्थापन झालेली भारत फोर्ज. असा क्रँक झिजला की तो ग्राइंड करून कमी मापाचा करतात आणि त्या मापाचे बेअरिंग बसवतात.

५/ एका सिलिंडरच्या मोटारसायकलचा क्रँक मात्र सहसा जोडकामाचा असतो. दोन जड चकत्या, मधे पिन, पिनवर कनेक्टिंग रॉड. पिन भोकापेक्षा किंचित जाड असते आणि प्रेसखाली दाबून बसवतात. तिथे बोल्ट नाही, वेल्डिंगही नाही. पोलादाची पकड हाच आधार. जे दाबून जोडले, ते दाबून सोडवताही येते. दुरुस्तीची सारी शक्यता या एका गोष्टीत आहे.

६/ ही शक्यता त्या काळी चैन नव्हती, गरज होती. परवाना राजवटीत पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणाऱ्या स्कूटरसाठीही ग्राहक वर्षानुवर्षे थांबत. राजदूत, येझदी किंवा आरएक्स घरात आली की ती टिकवणे भागच होते. खास चिखलवाटांसाठी घडवलेल्या गाड्या फार उशिरा आल्या. हिरो इम्पल्स २०११ ची. तोवर या जुन्या गाड्याच ‘डर्ट बाइक’चे काम करीत होत्या.

७/ डोंगरवाटांवर क्रँक लवकर का जातो? टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमधून जाते आणि त्यातले ऑइलच बेअरिंगला वंगण देते. एअर फिल्टर फाटला तर उन्हाळ्यातला फुफाटा थेट बेअरिंगपर्यंत पोहोचतो. ऑइल कमी पडले तर घाटाच्या चढावर बेअरिंग जळते.

८/ निदान कानाने सुरू होते आणि हाताने पक्के होते. खालून खटखट ऐकू आली की हेड-सिलिंडर उतरवून रॉड वर-खाली ओढून पाहतात. आडवी थोडी हालचाल चालते; उभी जाणवली, तर क्रँकचे काम निघाले.

९/ मग क्रँककेस उघडून क्रँक बाहेर काढतात. हायड्रॉलिक प्रेसवर जुनी पिन निघते. नवी पिन, बेअरिंग, वॉशर आणि रॉड बसतात. खरी परीक्षा यापुढे. दोन्ही शाफ्ट एका रेषेत हवेत. क्रँक दोन सेंटरमध्ये फिरवून डायल गेजचा काटा पाहायचा, पितळी हातोड्याने नेमका ठोका द्यायचा, पुन्हा पाहायचे. चूक मिलिमीटरच्या काही शतांशांपलीकडे गेली, तर नवी बेअरिंगेही टिकत नाहीत.

१०/ क्रँक किती वेळा बांधता येतो? चकतीचे भोक पिनेला घट्ट धरते तोवर. पकड सैल झाली की काहीजण वेल्डिंगचा टाका मारतात. त्या उष्णतेने सरळ केलेला क्रँक पुन्हा वाकू शकतो. भोकच गेले असेल, तर पूर्ण क्रँक बदलणे हाच शहाणपणा.

११/ इंजिनाचा क्रमांक क्रँककेसवर कोरलेला असतो, क्रँकवर नव्हे. त्यामुळे आतला कणा बदलला तरी कागदोपत्री गाडी तीच राहते. १५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण होतानाही तोच क्रमांक पाहिला जातो. वस्तूची ओळख कशात असते, हा इतिहासाभ्यासकाचा प्रश्न इथे ग्रीसमध्ये माखून समोर येतो.

१२/ जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत कांस्यकारांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. त्या धातुकारागिरांनी धर्मकार्याशी नाव जोडले, म्हणून आज ते आपल्याला ठाऊक आहेत. डायल गेजचा काटा स्थिर करणाऱ्या हातांचा असा लेख कुठेही नाही. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. तिचे अस्सल सुटे भाग दुर्मिळ झाले. हे कारागीर आज आपल्यात आहेत, तोवर त्यांच्या कामाची नोंद करणे हेही इतिहासाचेच काम आहे.