पाठीचं ऑपरेशन झालं, पण दुखणं गेलं नाही : नर्व्ह ब्लॉकबद्दल माहिती

दादर स्टेशनच्या पुलाचे जिने चढताना मध्येच थांबून कठडा धरणारी माणसं आपण रोज पाहतो. त्यातल्या काहींचं मणक्याचं ऑपरेशन होऊन वर्ष उलटलेलं असतं. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन नीट झालं, स्क्रू जागेवर आहेत. तरी कंबरेतून पायापर्यंत कळ जाते. घरचे म्हणतात, "एवढा खर्च केला, आता तरी बरं वाटायला हवं." आम्ही आधीच सांगतो, हे दुखणं नाटक नव्हे. ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत (आयसीडी-११, २०२२ पासून लागू) वेगळी जागा आहे. डॉक्टर याला 'फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम' असंही म्हणतात. नावात 'फेल' असलं तरी दर वेळी सर्जनची चूक असतेच असं नाही.

दुखणं का राहतं?

कारणं अनेक आहेत. गादी पुन्हा सरकते. ऑपरेशनच्या जागी जखम भरताना तयार झालेला व्रण नसेला चिकटतो. जोडलेल्या मणक्यांच्या वरच्या किंवा खालच्या मणक्यावर जास्त भार येतो. कधी दुखणं मणक्यांच्या छोट्या सांध्यांतून किंवा माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या सांध्यातून येतं. कधी नस फार दिवस दाबलेली असल्याने मोकळी केली तरी ती लगेच शांत होत नाही. म्हणून 'दुसरं ऑपरेशन करून टाकू' म्हणण्याआधी दुखणं नक्की कुठून येतं ते शोधायला हवं.

नर्व्ह ब्लॉक म्हणजे काय?

दुखणाऱ्या नसेजवळ बारीक सुईने औषध सोडायचं, म्हणजे नर्व्ह ब्लॉक. औषधात बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात. एक बधिर करणारं औषध (लिग्नोकेन किंवा बुपिव्हाकेन). याचा परिणाम काही तासच राहतो. दुसरं सूज कमी करणारं स्टेरॉइड. याचा फरक जाणवायला दोन दिवसांपासून आठवडा लागतो. उपचार नवा नाही. माकडहाडाकडून मणक्याच्या पोकळीत औषध देण्याची पद्धत पॅरिसमध्ये १९०१ साली सुरू झाली.

ब्लॉकचा आणखी एक उपयोग आहे, तो म्हणजे तपास. एका नसेला बधिर केल्यावर दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं, तर वेदनेचा रस्ता तोच असण्याची शक्यता वाढते. छोट्या सांध्यांच्या नसांना ब्लॉक देऊन चांगला फरक पडला, तर पुढे रेडिओ लहरींच्या उष्णतेने त्या नसा निकामी करतात. त्याचा आराम अनेकांना सहा महिने ते वर्षभर मिळतो. नस पुन्हा वाढली की दुखणं परत येऊ शकतं.

प्रत्यक्षात काय होतं?

पेशंटला पालथं झोपवतात, पाठ जंतुनाशकाने पुसतात. सी-आर्म नावाच्या एक्स-रे मशीनवर बघत सुई नेतात आणि रंगद्रव्य सोडून जागा बरोबर आहे ना ते तपासतात. बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. त्या दिवशी गाडी चालवू नये, सोबत कोणी तरी असावं.

किती आशा धरावी?

पायात उतरणाऱ्या कळेला काही आठवडे ते काही महिने आराम मिळू शकतो. नुसत्या कंबरदुखीत फायदा कमी दिसतो, आणि काहींना काहीच फरक पडत नाही. आराम मिळाला तर त्या काळात फिजिओथेरपी, चालणं आणि झोप सुधारणं हे करून घ्यावं. नाहीतर इंजेक्शन वाया गेल्यासारखं आहे. स्टेरॉइड वारंवार घेता येत नाही. वर्षात साधारण तीन-चारपेक्षा जास्त देणं डॉक्टर टाळतात.

आधी डॉक्टरांना हे सांगा

- मधुमेह असेल तर. स्टेरॉइडने काही दिवस शुगर वाढते.
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. ती स्वतःहून बंद करू नका.
- ताप, कुठे जंतुसंसर्ग, औषधाची अॅलर्जी किंवा गरोदरपण असेल तर.

डोकेदुखी, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके कमी पण खरे आहेत. मणक्याच्या पोकळीतल्या स्टेरॉइडमुळे क्वचित नसांना गंभीर इजा होते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये दिला होता. म्हणून सी-आर्मवर बघून, प्रशिक्षित डॉक्टरांकडूनच करून घ्या. स्क्रू बसवलेली पाठ हाडवैदाकडून मोडून घेऊ नका.

नमाज आणि रोजा

रुकू-सजद्यात कळ येत असेल तर खुर्चीवर बसून, इशाऱ्याने नमाज पढण्याची सवलत शरीअतमध्ये आहे. त्यात शरम कसली? रोज्याबाबत, जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ मध्ये ठरवलं की पोषण न देणाऱ्या इंजेक्शनने रोजा तुटत नाही. तरी आपल्या मुफ्तींना विचारा. मधुमेह असेल तर स्टेरॉइडनंतरच्या दिवसांत रोजा ठेवण्याबद्दल डॉक्टरांचं मतही घ्या.

कुठे जायचं?

दादरहून जवळ परळचं केईएम रुग्णालय आहे, १९२६ पासून सुरू असलेलं पालिकेचं रुग्णालय. मोठ्या रुग्णालयांत दुखण्याचा उपचार बहुधा भूलतज्ज्ञ करतात, म्हणून केसपेपर काढताना 'पेन ओपीडी' कधी असते ते विचारा. ऑपरेशनचा कागद, जुना आणि नवा एमआरआय, औषधांची यादी सोबत न्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

ब्लॉकची वाट पाहू नका

लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा, पायातली ताकद अचानक जाणं, किंवा पाठदुखीसोबत थंडी-ताप, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.

आणि घरच्यांना एक विनंती : दुखतंय म्हणणाऱ्या माणसावर आधी विश्वास ठेवा. उपचाराची सुरुवात तिथूनच होते. अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो.