चिठ्ठीतलं 'मॅब'

मामूंच्या मानेतल्या गाठी तिसऱ्यांदा वर आल्या. आक्रमक जातीचा लिम्फोमा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं, ग्लोफिटामॅब. मामी म्हणाल्या, "तू भाषा शिकवतोस ना? मग याचे मायने सांग."

उर्दूत नावामागे 'मआब' आदरानं लावतात, इज्जतमआब. हे 'मॅब' मात्र मोनोक्लोनल अँटीबॉडीचं लघुरूप. एकाच पेशीच्या वंशानं बनवलेली, अगदी एकसारखी प्रतिपिंडं.

ती १९७५ मध्ये केंब्रिजला बनली. सीझर मिलस्टाइन हा अर्जेंटिनाचा ज्यू. १९६२ च्या लष्करी उठावानंतर सहकाऱ्यांना काढून टाकलं गेलं, तेव्हा त्यानं देश सोडला. त्याचा साथीदार जॉर्ज कोलर जर्मन. उंदराच्या प्लीहेतली प्रतिपिंड बनवणारी पेशी बाहेर काढली की लवकर मरते. कॅन्सरची पेशी वाढतच राहते. दोघांनी या दोन पेशी एकत्र जोडल्या. ज्या दुर्गुणानं कॅन्सर माणूस मारतो, तोच इथं कामाला आला. १९८४ मध्ये त्यांना नील्स येर्नेसोबत नोबेल मिळालं. या युक्तीचं पेटंट मात्र घेतलं गेलं नव्हतं.

पुढं १९९७ मध्ये अमेरिकेत रिटुक्सिमॅबला मंजुरी मिळाली. लिम्फोमाच्या पेशींवर सीडी-२० नावाची खूण असते, ती हे औषध ओळखतं. आधी ते सावकाश वाढणाऱ्या लिम्फोमासाठी होतं. आक्रमक प्रकारात केमोसोबत दिल्यास जास्त रुग्ण वाचतात, हे फ्रेंच डॉक्टरांच्या अभ्यासानं २००२ मध्ये दाखवलं. मामूंना पहिल्यांदा हेच दिलं होतं. २००७ पासून ते भारतातही बनतं, म्हणून तर झेपलं.

ग्लोफिटामॅब पुढची पायरी. ते एका बाजूनं सीडी-२० धरतं आणि दुसऱ्या बाजूनं आपल्याच शरीरातल्या टी-पेशीला तिथं ओढून आणतं. दोनदा उपचार करूनही आजार उलटलेल्यांसाठी अमेरिकेनं त्याला २०२३ मध्ये मंजुरी दिली. २०२२ च्या अभ्यासात शंभरातल्या ३९ जणांत आजाराचा मागमूस उरला नाही.

पण पेटंटशिवाय जगाला मिळालेल्या युक्तीतून निघालेलं हे औषध आमच्या खिशाबाहेरचं आहे. शोध सर्वांचा, औषध मोजक्यांचं, हा इतिहास अजून संपलेला नाही. घरात जमिनीचा विषय निघाला, तेव्हा मामू बराच वेळ गप्प बसले.

मग मला म्हणाले, "शंभरात ३९? तुमच्या बोर्डात ३५ ला पास करतात ना?"

मी मान हलवली.